कॅडिलॅक रँच: थांबावं की नाही?

'शेतात पुरलेल्या दहा भंगार गाड्यांसाठी कशाला थांबायचं?' असं कॅडिलॅक रँचबद्दल कुणीतरी म्हटलंय. अहो, अमेरिकेत टेक्सासमधल्या अमारिलो शहरावरून आय-४० महामार्गाने जाताच आहात, तर अर्धा तास द्याच. तिकीट नाही, काही नाही. १९७४ मध्ये अँट फार्म या कलाकारांच्या गटाने अमारिलोतले धनाढ्य स्टॅन्ली मार्श यांच्या पैशाने हा उद्योग केला. कॅडिलॅक गाड्यांची १९४९ ते १९६३ पर्यंतची मॉडेलं नाकावर उभी पुरलीत, म्हणजे गाडीच्या मागच्या टोकाचे ते पंखांसारखे पत्रे कसकसे बदलत गेले ते ओळीने दिसतं. शहर जवळ येऊ लागलं तशा १९९७ मध्ये सगळ्या उपटून पश्चिमेला दोनेक मैल हलवल्या.

रंगाचा डबा सोबत न्या, तिथे फवारायला मुभा आहे. कडेचा पोपडा नखाने उचकटून बघा, कांद्यासारखे थर निघतात! पाऊस पडून गेला असेल तर जुने बूट घाला. गाड्यांभोवती तळी साचतात.

मुक्कामाला अमारिलोतलंच बिग टेक्सनचं मोटेल. दर्शनी बाजू जुन्या काउबॉय गावासारखी, पोहण्याचा तलाव टेक्सासच्या नकाशाच्या आकाराचा. पोरं खूश. शेजारच्या त्यांच्याच रेस्टॉरंटात ७२ औंसांचं, म्हणजे दोन किलोचं स्टेक साग्रसंगीत तासाभरात संपवलं तर फुकट, नाहीतर पैसे मोजा. शाकाहाऱ्यांनी बघ्याची भूमिका घ्यावी, तीही कमी करमणुकीची नाही.