पहिल्या प्रेमाच्या सिनेमाला रक्ताचाच शेवट हवा का?

सिद्धेश्वरपेठकर

पहिल्या प्रेमाच्या मराठी सिनेमाबद्दल बोलायचं तर सोलापूरकरांनी बोलायलाच हवं. 'सैराट'चे दिग्दर्शक नागराज मंजुळे आपल्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, त्यातली आर्ची म्हणजे रिंकू राजगुरू अकलूजची. २९ एप्रिल २०१६ ला 'सैराट' आला, तेव्हा थिएटरात पोरं पडद्यासमोर जाऊन नाचत होती. आजही कुठल्याही वरातीत 'झिंगाट' लागल्याशिवाय नवरदेव पुढं सरकत नाही.

तरी माझी एक तक्रार आहे. त्या सिनेमाच्या पहिल्या भागात कोवळ्या वयातलं प्रेम जितकं खरं दिसलं, तितकं मी मराठीत फार कमी पाहिलंय. नुसतं बघत राहणं, मित्रांनी चिडवणं, आर्चीचं बेधडक वागणं आणि त्यापुढं परश्याचं गोंधळून जाणं. पण लोकांशी बोला, त्यांना आर्ची-परश्याच्या खुनाची शेवटची पाच मिनिटंच आठवतात. रक्तानं सगळं झाकून टाकलं. आणि मग प्रत्येकाला वाटायला लागलं की पोरं मेली तरच प्रेम खरं.

'शाळा' सिनेमा आठवा. जोशी आणि शिरोडकर. कुणी कुणाचा गळा कापत नाही. ती निघून जाते, हा मागं राहतो, वर्ग तोच. बहुतेकांचं पहिलं प्रेम असंच संपतं आणि तेही काही कमी दुखत नाही. या साध्या दुःखावर सिनेमे का निघत नाहीत?

भीमाकाठ

नाही पटलं. साधं दुःख कुणाच्या वाट्याला येतंय ते आधी बघा की.

मंजुळेंच्याच 'फँड्री'तला जब्या घ्या. सबंध सिनेमात शालूशी त्याचं बोलणंच होत नाही. काळी चिमणी धरायची, जाळायची आन तिची राख शालूवर टाकायची, म्हणजे ती आपली होईल, यावर त्या पोराचा जीव अडकलाय. का? कारण जातीमुळं सरळ जाऊन बोलायची सोयच नाही त्याला. तिनं 'नाही' म्हटलं असतं तरी चाललं असतं ओ, पण विचारायचं कुठनं? शेवटी बापासंगं डुक्कर धरताना सगळी शाळा बघायली, हसायली, त्यात शालूबी हसायली. तिथं मोडतंय त्याचं मन. रक्त कुठाय त्यात? दगड हाय फक्त, आन तो आपल्याकडं येतोय.

आता 'सैराट'. चारही गाणी पहिल्या भागात हायत. अजय-अतुलनी त्यासाठी पार हॉलिवूडला जाऊन तिथला वाद्यवृंद वापरला. मध्यंतरानंतर एक गाणं नाही आन शेवटाला तर आवाजच बंद. म्हणजे दिग्दर्शकानं आधी भरभरून दिलं आन मग जाणूनबुजून काढून घेतलं. तो शेवट कापला तर पहिला भाग खोटा पडतोय. पाटलाची पोरगी आन मासे धरणाऱ्याचा पोरगा, आपल्या भागात यांचा संसार सुखाचा झाला असं दाखवून तुम्ही निवांत घरी जाणार होता का?

नववीची बाई

मी माध्यमिक शाळेत शिकवते, त्यामुळे माझं म्हणणं तुम्हा दोघांपेक्षा वेगळं आहे.

'फँड्री' मला फार आवडतो, पण शालूच्या मनात काय आहे हे त्यात कळतं का? नाही. ती आपल्याला जब्याच्या नजरेतून दिसते. शिरोडकरही जोशीच्याच डोळ्यांतून. मुलगा झुरतो, मुलगी दिसते. तिला कुणी आवडलं होतं का, तिच्या घरी काय झालं, हे सिनेमा विचारत नाही. आर्ची हा ठळक अपवाद. ती स्वतः बघते, स्वतः बोलते, स्वतः ठरवते. म्हणूनच माझ्या वर्गातल्या मुलींनी तिला इतकं उचलून धरलं असावं.

आमच्याकडे प्रेमप्रकरण कळलं की मुलगा शाळेत येत राहतो. मुलीचं मात्र नाव काढून नेतात, मामाच्या गावाला पाठवतात, पुढे लग्नच ठरवतात. गळा कापला जात नाही, पण शाळा सुटते. सिद्धेश्वरपेठकर, तुम्ही ज्याला साधं दुःख म्हणता ते तिच्यासाठी साधं नसतं.

दुसरी बाजूही सांगते. 'सैराट' आला तेव्हा रिंकू चौदा वर्षांची होती. तिनं अप्रतिम काम केलं, राष्ट्रीय पुरस्कारांत तिची विशेष दखलही घेतली गेली. पण आर्चीसारखं निघून जाऊ म्हणणाऱ्या मुलांना हेही माहीत हवं की २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठराच्या आतली संमती धरली जात नाही. मुलगी कितीही म्हणाली 'मी माझ्या मनानं गेले', तरी मुलावर गुन्हा दाखल होतो. हे मला वर्गात सांगावं लागतं, आणि सांगताना त्यांचे चेहरे बघवत नाहीत.

अशोक चौक

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, घरात तेलुगू, बाहेर मराठी. सगळे 'सैराट'च्या शेवटाबद्दलच बोलायलेत म्हणून लिहितोय. दोघं पळून गेल्यावरचा हैदराबादचा भाग कुणी नीट बघितलाय का? भाषा कळत नाही, खोली वस्तीतली, आर्चीला आईची आठवण. मग परश्या संशय घ्यायला लागतो, हात उचलतो, आन ती थेट रेल्वेत जाऊन बसते. ज्या पोरानं तिच्यासाठी गाव सोडलं, तोच. सिद्धेश्वरपेठकर, तुम्ही मागताय ते साधं दुःख तिथं हाय की! कुणी मारायला आलेलं नसतं, तरी प्रेम मोडायला लागलेलं असतं. मला तो भाग शेवटापेक्षा जास्त लागला.

सिद्धेश्वरपेठकर

अशोक चौक, अगदी बरोबर. आणि माझं दुखणं तेच आहे. तो भाग इतका चांगला असून त्याबद्दल बोलताना मला आज पहिल्यांदा कुणी भेटलं. शेवट एवढा मोठा की त्याच्या सावलीत हे दिसेनासं झालं.

भीमाकाठ, जातीचं वास्तव मी नाकारत नाही. पण दरवेळी मरणच दाखवलं, तर मारणाऱ्यांचा धाकच वाढतो. चार पोरं जगली, भांडली, वेगळी झाली, पुन्हा उभी राहिली, हे दाखवायलाही हिंमत लागते.

बाई, नाव काढून नेलेल्या मुलीचा सिनेमा कुणीतरी करायलाच हवा. तिच्या बाजूनं, तिच्या तोंडून.

भीमाकाठ

धाक सिनेमानं वाढत नाही मालक, तो आधीपासनंच हाय. यावर आपलं जमायचं नाही. पण त्या पोरीचा सिनेमा निघाला तर पहिल्या दिवशी तुमचं तिकीट मी काढतो. फक्त तिचं आडनाव गाळू नका म्हणावं.