नाणी विकण्याआधी ग्रेडिंगला पाठवावीत का?

भिंगातून
माझं मत ठाम आहे: दुर्मीळ नाणं विकायला काढण्याआधी ते पीसीजीएस किंवा एनजीसीसारख्या, नाण्याचा दर्जा (ग्रेड) ठरवणाऱ्या त्रयस्थ संस्थेकडून तपासून, स्लॅबमध्ये (कडक पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत) सीलबंद करून घ्यावं. नाण्याची स्थिती मोजणाऱ्या शेल्डन मापावर १ ते ७० गुण असतात. ५८ म्हणजे उठावाच्या टोकांवर किंचित झीज, ६० पासून पुढे झीज नाहीच. हा फरक नवख्या ग्राहकाला दिसत नाही, पण किंमत त्यावरच ठरते. त्यात बनावटगिरी वेगळी. दुर्मीळ १८९३-एस भासवायला १८९३ च्या साध्या मॉर्गन डॉलरवर (अमेरिकेच्या चांदीच्या नाण्यावर) 'एस' ही टांकसाळीची खूण चिकटवतात. लिंकनचं चित्र असलेल्या अमेरिकी १९४४-डी सेंटमधला ('डी' हीसुद्धा टांकसाळीची खूण) पहिला ४ कोरून त्याचं १९१४-डी करतात. विकणाऱ्याच्या शब्दावर कुणी का विश्वास ठेवावा?

कडाकोर
तुमचीच उदाहरणं घेऊ. लिंकनच्या खांद्याखाली व्हीडीबी ही रचनाकाराची आद्याक्षरं १९१८ पासून आली. १९१४ च्या नाण्यावर ती दिसली की विषय संपला. अस्सल १८९३-एसवर 'लिबर्टी' या शब्दातल्या 'टी' अक्षराच्या माथ्यावर साच्याची बारीक तिरकी रेघ उठलेली असते. दहापट भिंग आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा असला की बरीच छाननी घरीच होते. मॉर्गनचं वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिमी. सरसकट पाठवणाऱ्याचं नुकसान ठरलेलं, कारण तपासणी फी, जाण्यायेण्याचा टपालखर्च आणि विमा मिळून सामान्य वर्षाच्या नाण्याचा नफा खाऊन टाकतात. शिवाय माल अडकून राहतो आणि तेवढ्यात चांदीचा भाव हलतो.

भिंगातून
सरसकट पाठवा असं म्हणतच नाही. हिशोब असा करावा: अपेक्षेपेक्षा एक पायरी खालचा ग्रेड आला, तरी सगळा खर्च वजा जाऊन आजच्या उघड्या (स्लॅबमध्ये नसलेल्या) नाण्यापेक्षा जास्त हाती येतं का? येत असेल तरच पाठवायचं. वरचा ग्रेड धरून हिशोब करणारे फसतात.

कडाकोर
आणि 'डिटेल्स' आलं तर? नाणं अस्सल, पण घासलेलं, कोरलेलं किंवा रंग कृत्रिम, म्हणून गुण नाहीत. फी गेलीच, वर डाग लेबलवर छापून आला.

साचा_आणि_ठसा
तो डाग लेबलने आणलेला नाही, नाण्यावर आधीच होता. माहीत असेल तर तो उघड्या नाण्यातही ग्राहकाला सांगायलाच हवा. स्लॅब फोडून तेच नाणं गुपचूप विकणं मला अजिबात मान्य नाही.

'डिटेल्स' बऱ्याचदा आधीच ओळखता येतं. एकाच दिव्याखाली नाणं हळूहळू कलतं करा. मूळ चमक चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते, घासलेल्या नाण्यावर ती तुटते आणि एका दिशेच्या केसासारख्या रेघा दिसतात. हिरवट चिकट थर बहुधा मऊ पीव्हीसी पाकिटाचा असतो. काचेच्या भांड्यात, हवेशीर जागी, ज्योतीपासून दूर, शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये नाणं बुडवून ठेवायचं, उचलून तसंच सुकू द्यायचं. पुसायचं नाही! कापसाचा एक फेरा पुरतो नाणं बिघडवायला. चांदी उजळवायचे द्रावण तर वर्ज्यच.

पाठवताना होणाऱ्या चुका वेगळ्याच. पुठ्ठ्याच्या होल्डरची पिन काढताना तिचं टोक नाण्यावर ओढलं जातं, म्हणून आधी चारही पिना सुट्या करा, मग पुठ्ठा उघडा. एका मायलर (पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या) पाकिटात एकच नाणं, पाकिटावर अर्जातल्या ओळीचा क्रमांक. दोन्ही बाजूंचे फोटो आणि वजन आपल्याकडे ठेवा. साच्यातला प्रकारभेद (एकाच वर्षाच्या नाण्यांत साच्यामुळे आलेला फरक) नोंदवायची फी बहुतेक वेळा वेगळी असते. तो रकाना रिकामा सोडला तर दुर्मीळ प्रकारही साध्या लेबलवर परत येतो. मूल्य कमी लिहून फी वाचवू नका, नाणं हरवलं तर भरपाई त्याच आकड्याच्या आधाराने ठरते. खोका हलवून पाहा, आत काही वाजलं तर पुन्हा बांधा.

कडाकोर
पाठवण्याच्या पद्धतीवर दुमत नाही. पण प्राचीन नाण्यांचं काय? ओतून केलेल्या नकली नाण्याचा सांधा कडेवर दिसतो आणि स्लॅबमध्ये कडेचा काही भाग झाकला जातो, वजनही करता येत नाही. जाणकार ग्राहकाला असं नाणं हातात घेऊनच बघायचं असतं.

भिंगातून
प्राचीन नाण्यांपुरतं मान्य. मात्र फोटो पाहून खरेदी करणाऱ्या अनोळखी ग्राहकाला कड दाखवणार कशी? त्याला स्लॅबच लागतो.

साचा_आणि_ठसा
स्लॅबचीही नक्कल होते, हे त्या ग्राहकाने ध्यानात ठेवावं. लेबलवरचा क्रमांक संस्थेच्या नोंदीत सापडणं पुरेसं नाही, कारण नकली स्लॅबवर अस्सल क्रमांक छापलेला असू शकतो. नोंदीत फोटो असेल तर ओरखडे आणि डागांच्या जागा जुळवा. विकणाऱ्यानेही स्लॅब हातात आल्याबरोबर वर्ष, खूण आणि ग्रेड अर्जाशी ताडून घ्यावं. लेबलवरची चूक तेव्हाच कळवली तर दुरुस्त करून मिळणं सोपं जातं.