गेमवरचा १२+, १६+ चा आकडा: कायद्याने सक्ती हवी का?

डिचोलीकर: चवथीला घर भरलं की माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या मंडपीखाली, पोरं मोबाइल घेऊन ओळीनं बसतात. कोण कुठल्या वयाचा गेम खेळतोय, कुणी विचारत नाही. सिनेमाला सेन्सॉरचं सर्टिफिकेट लागतं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूएमध्येही, म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या वर्गातही, ७+, १३+, १६+ असे भाग पडले. गेमसाठी असा शिक्का मारणारं सरकारी बोर्डच नाही. प्ले स्टोअरवरचा वयाचा आकडा कंपनीने स्वतः भरलेल्या आयएआरसी या आंतरराष्ट्रीय वय-वर्गीकरण संस्थेच्या प्रश्नावलीतून निघतो. रक्त आहे का, शिव्या आहेत का, जुगार आहे का, उत्तरं द्या, आकडा घ्या. म्हणजे पोरानेच आपला पेपर तपासायचा! ब्रिटनमध्ये २०१२ पासून १२, १६, १८ चे गेम त्याहून लहान मुलाला विकणं गुन्हा आहे.

पर्वरीचा कोडर: तो कायदा दुकानातल्या डिस्कपुरता, भाऊ. आता डिस्क घेतो कोण? प्रश्नावलीत खोटं लिहिलं तर आकडा बदलतो, गेम स्टोअरवरून उडूही शकतो. बोर्ड आणलंत तर रोज येणारे ढीगभर गेम खेळून बघणार कोण? दक्षिण कोरियाने २०११ मध्ये १६ वर्षांखालच्यांना मध्यरात्री ते सकाळी ६ ऑनलाइन गेम बंद केला. पोरांनी आईबापांचे ओळख क्रमांक घातले. शेवटी तो कायदाच रद्द झाला.

मडगावची आई: रक्तपाताचं राहू द्या, मला पैशांचं सांगा. मांडवीतल्या कॅसिनोत २१ वर्षांखालच्याला पाऊल ठेवता येत नाही. आणि सातवीतला मुलगा पैसे मोजून गेममधली बंद पेटी उघडतो. आत काय, ते नशीब. युरोपात गेमना वयाचे आकडे देणाऱ्या पेगी या संस्थेने २०२० पासून अशा गेमवर सूचना छापायला लावली, पण तेव्हा आकडा हलला नाही. पेट्या असलेले फुटबॉलचे गेम ३+ वरच राहिले! असला आकडा बघून मी काय ठरवायचं?

पर्वरीचा कोडर: ताई, हे मान्य. पेटी असेल तर आकडा चढलाच पाहिजे. पण ते निकष बदलून होतं, पोलीस लावून नाही. तोवर फोनमध्ये खरेदीला पासवर्ड टाका.

डिचोलीकर: पासवर्ड आजोबांच्या फोनला कोण घालणार? सक्ती स्टोअरवरच हवी. वय पडताळल्याशिवाय डाउनलोड नाही.

पर्वरीचा कोडर: म्हणजे लुडोसाठी पोराचं आधार कंपनीकडे? माझा साफ विरोध.