गूगल सोडलं तर खरंच फरक पडतो का? कुठलं सर्च इंजिन वापरता?

खारे_दाणे:

मंडळी, यावर आधी चर्चा झाली असेल तर लिंक द्या, मला सापडली नाही. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं घाटतंय म्हणून मी फोनवर बरंच काय काय शोधत होतो, खर्च किती, दोन्ही गुडघे एकदम करावेत का, मेडिक्लेममध्ये बसतं का वगैरे. झालं, तेव्हापासून जिकडे बघावं तिकडे गुडघे! क्रिकेटचा स्कोअर बघायला गेलो तर तिथे सांधेदुखीचं तेल, रेसिपीच्या साइटवर गुडघ्याचा पट्टा, आणि कहर म्हणजे बायकोच्या फोनवर पण तेच चालू झालं, तिने यातलं काहीच शोधलेलं नाही. वरून एका कंपनीचा फोन, "सर पेशंटला गुडघ्याचा त्रास आहे ना, आमच्याकडे पॅकेज आहे."

ऑफिसातल्या एकाने गूगलऐवजी डकडकगो नावाचं सर्च इंजिन टाकायला सांगितलं. टाकलं. इंग्रजीत ठीकठाक आहे पण मराठीत काही शोधलं की असले निकाल देतं की डोक्याला शॉट. तर (१) याने खरंच काही थांबतं का, (२) दुसरं काही चांगलं आहे का, (३) इन्कॉग्निटोमध्ये शोधलं तर भागतं का? आणि फोन आपलं बोलणं ऐकतो असं म्हणतात ते खरं का, कारण आमच्या घरात गुडघ्याशिवाय दुसरं बोलणंच नाहीये सध्या.

पेठेतला_पुणेकर:

गूगलला तुमच्या आईचे गुडघे कळले तर बिघडलं काय? आपल्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय? फुकट वापरायचं आणि वर तक्रार. मी वीस वर्षं गूगल वापरतोय, मला काही झालं नाही.

जुना_मोडेम:

खारे_दाणे, तुमच्या प्रश्नात दोन भानगडी एकत्र झाल्यात, सर्च इंजिन काय साठवतं ही एक आणि तुम्ही ज्या साइटवर जाता ती काय करते ही दुसरी. दुसरी जास्त मोठी आहे, पण आधी पहिली.

नावं डझनभर दिसतात पण सगळं वेब स्वतः पालथं घालून स्वतःचा इंडेक्स (म्हणजे कुठल्या पानावर काय आहे याची सूची) बनवणारे मोजकेच आहेत. गूगल, मायक्रोसॉफ्टचं बिंग, रशियाचं यांडेक्स, चीनचं बायडू, आणि लहानांमध्ये ब्रेव्ह आणि इंग्लंडचं मोजीक. बाकी बहुतेकांची दुकानाची पाटी वेगळी, माल मोठ्या गोदामातला. डकडकगो २००८ पासून आहे पण त्याचे निकाल मुख्यतः बिंगचे, स्टार्टपेज नेदरलँड्सचं, ते गूगलला पैसे देऊन गूगलचेच निकाल दाखवतं, फक्त मधे स्वतः उभं राहतं त्यामुळे तुमचा आयपी ॲड्रेस (इंटरनेटवरचा तुमच्या कनेक्शनचा पत्ता) गूगलपर्यंत जात नाही. म्हणून मराठीत शोधायचं तर माझ्या मते स्टार्टपेज बरं. मराठीत गुडघा, गुडघ्याचा, गुडघेदुखीवर अशी एका शब्दाची पन्नास रूपं होतात आणि अर्धी जनता तर गुडघेदुखी इंग्रजी अक्षरांतच टाइप करते, हे सगळं एकच आहे हे ओळखायला जो मसाला लागतो तो गूगलकडे आहे, बाकीच्यांकडे त्या मानाने फारच कमी.

डकडकगो पण जाहिरातींवरच जगतं बरं का. फरक एवढाच की तुम्ही आत्ता "गुडघ्याचा पट्टा" टाइप केलंत म्हणून आत्ता पट्टा दाखवणार, तुम्ही कोण आणि गेल्या महिन्यात काय शोधलंत याची वही ठेवत नाहीत असं त्यांचं म्हणणं. अगदी धुतल्या तांदळाचे पण नाहीत, २०२२ मध्ये एका संशोधकाने दाखवून दिलं होतं की त्यांचा जो ब्राउझर आहे (सर्च नव्हे, ब्राउझर) तो गूगल-फेसबुकचे ट्रॅकर (तुमचा माग काढणारे कोड) अडवायचा पण मायक्रोसॉफ्टचे काही सोडायचा, कारण मायक्रोसॉफ्टशी करार. बोंब झाल्यावर ऑगस्टमध्ये ते सुधारलं. तरी मी अजून तेच वापरतो, निदान चूक उघडी पडल्यावर हलले तरी.

पैसे भरून जाहिरातींशिवाय सर्च हा पण प्रकार आहे, कागी म्हणून, अमर्याद सर्चला महिन्याला १० डॉलर. आपल्या खिशाला जडच. गूगलच्या जाहिरात विभागाचे प्रमुख राहिलेले श्रीधर रामस्वामी यांनी नीवा नावाचं असंच काढलं होतं, ते २०२३ मध्ये गुंडाळलं. कारण साधं आहे, लोक फोनवर जे आधीपासून असतं तेच वापरतात. अमेरिकेतल्या खटल्यात (ज्यात ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहतांनी गूगलची बेकायदा मक्तेदारी आहे असा निकाल दिला) हे आकडे बाहेर आले की फोनमध्ये आणि ब्राउझरमध्ये आपण डिफॉल्ट राहावं म्हणून गूगलने एकट्या २०२१ साली २६.३ अब्ज डॉलर वाटले. आपल्याकडे पण स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात १,३३७.७६ कोटींचा दंड ठोकला आणि नवीन फोन सुरू करताना सर्च इंजिन निवडू द्या म्हणून सांगितलं. किती जण निवडतात देव जाणे.

इन्कॉग्निटोचं: ते फक्त तुमच्या फोनवर हिस्टरी ठेवत नाही, म्हणजे बायकोपासून लपतं, कंपन्यांपासून नाही. यावर गूगलवर २०२० मध्ये अमेरिकेत खटला झाला आणि २०२४ मध्ये त्यांनी तडजोडीत अब्जावधी नोंदी पुसायचं कबूल केलं. आणि त्याहून कमाल जून २०२५ मध्ये उघड झाली. अँड्रॉइड फोनवर फेसबुक, इन्स्टाग्राम आणि यांडेक्सची ॲप मागे चालू असायची, तुम्ही ब्राउझरमध्ये कुठल्याही साइटवर गेलात की त्या साइटवर बसवलेला त्यांचा कोडचा तुकडा फोनच्या आतल्या आत त्या ॲपला निरोप द्यायचा, हाच तो माणूस म्हणून. इन्कॉग्निटो असो, कुकीज (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या खुणा) पुसलेल्या असोत, तरी. संशोधकांनी ते जाहीर केलं त्याच दिवशी मेटाने (फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक कंपनी) गुपचूप बंद केलं. आता यात डकडकगो काय करणार सांगा.

अनामिका_७:

पेठेतला_पुणेकर, "लपवण्यासारखं काय आहे" म्हणणाऱ्यांसाठी २००६ चं एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीचं प्रकरण आहे. त्यांनी संशोधनाला मदत म्हणून साधारण साडेसहा लाख लोकांचे तीन महिन्यांचे सर्च इंटरनेटवर टाकले, नावं काढून फक्त नंबर ठेवले. म्हणजे सुरक्षित की नाही? न्यूयॉर्क टाइम्सने ४४१७७४९ नंबर घेतला आणि त्याने काय काय शोधलंय ते वाचत गेले. बोटं बधिर होतात, साठीतले अविवाहित पुरुष, सगळीकडे मुतणारा कुत्रा, आपल्या गावातले बागकाम करणारे, आणि एका आडनावाची बरीच माणसं. थोड्याच दिवसांत वार्ताहर जॉर्जिया राज्यातल्या ६२ वर्षांच्या एका विधवा बाईंच्या दारात हजर. त्या बाईंनी काय गुन्हा केला होता? काही नाही. त्यातले बरेच आजार तर मैत्रिणींसाठी शोधलेले होते. उद्या कोणी तेवढ्यावरून त्यांचा विमा ठरवला असता तर?

तुमचं नाव माहीत असणं गरजेचंच नसतं हो. तुम्ही काय शोधता तेच तुमचं नाव.

पेठेतला_पुणेकर:

@अनामिका_७ ठीक आहे, पण ती वीस वर्षांपूर्वीची गोष्ट आणि अमेरिकेतली. आपल्याकडे सोसायटीच्या गेटवर वहीत नाव, नंबर, फ्लॅट नंबर सगळं लिहून घेतात आणि ती वही तशीच उघडी पडलेली असते, त्याचं काय? आधी ते बघा.

फुकटचा_सल्लागार:

मी याच धंद्यात आहे, डिजिटल मार्केटिंग, म्हणून शिव्या घालण्याआधी वाचा. खारे_दाणे, एक विचारतो, यातल्या कुठल्या साइटवर तुम्ही मोबाइल नंबर टाकला होता का? "खर्चाचा अंदाज मिळवा" टाइप काही?

खारे_दाणे:

हो, एका साइटवर नंबर टाकल्याशिवाय खर्च दाखवतच नव्हते, ओटीपी पण मागितला.

फुकटचा_सल्लागार:

मग फोन तिथूनच. असं गिऱ्हाईक होऊ शकणाऱ्याचा नंबर मिळाला की त्याला आमच्यात लीड म्हणतात. सर्च इंजिन तुमचा नंबर कोणाला देत नाही, त्याला गरजच नाही, तो तुम्हाला जाहिरात दाखवून त्या साइटपर्यंत नेऊन सोडतो, पुढे नंबर तुम्हीच देता. ऑपरेशन, होम लोन, कोचिंग क्लास, या लीड महागात जातात आणि एकच लीड तीन-चार ठिकाणी विकणारे महाभागही आहेत. डकडकगोवरून त्या साइटवर गेला असतात तरी हाच फोन आला असता.

आता जाहिराती पाठलाग कशा करतात ते. त्या हॉस्पिटलच्या पानावर गूगलचा, मेटाचा आणि आणखी चार जणांचा कोड असतो, तो तुमच्या ब्राउझरवर खूण करतो. नंतर तुम्ही स्कोअर बघायला जाता, पान उघडत असतानाच जाहिरातीच्या त्या चौकोनाचा लिलाव होतो, साइट सांगते की असा असा फोन आहे, अमुक शहर, ही खूण आहे, बोला. गुडघेवाला जास्त बोलला की गुडघा दिसतो. हे सगळं पापणी लवायच्या आत. तो स्कोअरवाला तुमच्यावर पाळत ठेवत नसतो, त्याने फक्त जागा भाड्याने दिलीये. पण लिलावात हरलेल्यांना पण तुमची माहिती दिसून गेलेली असते, हे मात्र आम्ही लोक सहसा सांगत नाही.

वहिनींच्या फोनचं कारण बहुतेक घरचं वायफाय. एकच आयपी, म्हणजे एकच घर असा अंदाज बांधतात. शिवाय कंपन्या ग्राहकांच्या मोबाइल नंबरची यादीच फेसबुक किंवा गूगलवर चढवतात (नंबर सांकेतिक करून, पण तिकडेही तुमचा तोच नंबर तसाच सांकेतिक केलेला असतो त्यामुळे जुळतो) आणि त्या लोकांना, किंवा त्यांच्यासारख्या लोकांना जाहिरात दाखवा म्हणून सांगतात. आपल्या देशात कुकी-बिकी सगळं दुय्यम आहे, खरी ओळख म्हणजे दहा आकडी नंबर. किराणा, चपलांचं दुकान, पार्किंग, सगळीकडे तोच देता. बिलासाठी नंबर द्यायची सक्ती करू नका असं ग्राहक मंत्रालयाने मे २०२३ मध्येच दुकानदारांना सांगितलंय, त्यामुळे काउंटरवर बिनधास्त नाही म्हणा. पोरगा म्हणेल सर सिस्टिम घेत नाही, घेते बरोबर.

फोन ऐकतो याबद्दल: २०१८ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या लोकांनी १७ हजारांवर अँड्रॉइड ॲप तपासली, गुपचूप माइक चालू करून आवाज पाठवणारं एकही सापडलं नाही. काही ॲप स्क्रीनवर काय चाललंय त्याचा व्हिडिओ बनवून बाहेर पाठवताना मात्र सापडली. ऐकायची गरजच काय, तुम्ही सगळं टाइप करूनच देताय.

राईनकाठचा_शिरीष:

इकडे जर्मनीत गूगल उघडलं की "सगळं नाकारा" असं बटण समोर येतं. ते काही गूगलला प्रेम आलं म्हणून नाही, फ्रान्सच्या डेटा नियामकाने जानेवारी २०२२ मध्ये १५ कोटी युरो दंड लावला, कारण हो म्हणायला एक क्लिक आणि नाही म्हणायला पाच, मग कुठे ते बटण आलं. सुट्टीत नाशिकला आलो की तोच फोन, तेच गूगल, पण बटण गायब! भारतातला वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला ना?

अनामिका_७:

झाला, ऑगस्ट २०२३ मध्ये. पण नियम निघायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं आणि त्यातल्या कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यानंतर अजून अठरा महिने. लागू झाल्यावर दिलेली संमती काढून घेता येईल, माहिती पुसा म्हणून सांगता येईल, दंड २५० कोटींपर्यंत. तोपर्यंत गुडघे बरे होऊन चालायला लागतील.

खारे_दाणे:

सगळ्यांचे आभार, विशेषतः मोडेम आणि सल्लागार. म्हणजे सर्च इंजिन बदलून फारसं काही होत नाही असंच ना? मग करू काय ते सांगा ना कोणीतरी, फार किचकट नको, आईच्या फोनवर पण करायचंय आणि तिला फक्त व्हॉट्सॲप आणि यूट्यूब लागतं.

जुना_मोडेम:

बदला, पण तेवढ्यावर थांबू नका. आईच्या फोनवर सर्च इंजिनच्या भानगडीत पडूच नका. सेटिंग्जमध्ये गूगल, मग ॲड्स, तिथे जाहिरातीचा आयडी डिलीट करायची सोय आहे, ती आधी करा. मग गूगल अकाउंटमध्ये वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी (तुम्ही काय शोधलं, काय वापरलं याची नोंद) बंद करा. लोकेशन हिस्टरी (आता तिचं नाव टाइमलाइन) वेगळी असते, ती बंद केली तरी वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी चालू राहिली तर तुमची जागा साठत राहते, यावरून अमेरिकेतल्या ४० राज्यांना गूगलने २०२२ मध्ये ३९ कोटी डॉलरच्या वर भरलेत, म्हणून दोन्ही बघा. बंद नसेल करायची तर तीन महिन्यांनी आपोआप पुसलं जाईल असं तरी ठेवा. मग अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हेट डीएनएस असतं, त्यात ॲडगार्ड या जाहिराती अडवणाऱ्या सेवेचा पत्ता टाका, बऱ्याच ॲपमधल्या जाहिराती आणि ट्रॅकर तिथेच अडकतात. यूट्यूबच्या नाही अडकत, ते आधीच सांगून ठेवा आईंना.

तुमच्या स्वतःच्या फोनवर क्रोमऐवजी फायरफॉक्स घ्या आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती-ट्रॅकर अडवणारं एक्स्टेन्शन. दवाखाना, औषध, पैसे असलं काही शोधायचं तर त्यातच, आणि गूगलला लॉगिन न करता.

फुकटचा_सल्लागार:

आणि त्या फोनवाल्यांची तक्रार ठोका. ट्रायचं (दूरसंचार नियामक) डीएनडी म्हणजे 'डू नॉट डिस्टर्ब' ॲप आहे, नाहीतर १९०९ नंबर. फोन आल्यापासून सात दिवसांच्या आत करायची, आता त्यासाठी आधी डीएनडीमध्ये नाव नोंदवलेलं असण्याची पण गरज नाही. जाहिरातीचे कॉल १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरूनच यायला हवेत, साध्या दहा आकडी मोबाइलवरून आला असेल तर तो स्क्रीनशॉट ठेवा.

खारे_दाणे:

साध्याच नंबरवरून होता. आज पुन्हा आला, यावेळी म्हणे खांद्याचं पण पॅकेज आहे. करतो तक्रार.