अंगणवाडीच्या दारात उत्पन्नाचा दाखला मागणाऱ्यांना उत्तर

रानवाटा

'सरळमार्गी' यांची परवाची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: अंगणवाडीचा आहार सरसकट वाटणं बंद करा, उत्पन्नाचा दाखला मागा, पांढरं कार्डवाले आणि बरेचसे केशरीवाले वगळा, वाचलेला पैसा खऱ्या गरिबांच्या लेकरांवर लावा. वरून 'सगळ्यांना सारखं देणं म्हणजे समानता नव्हे'. खाली ढीगभर लोकांनी 'अगदी मनातलं बोललात' म्हणून माना डोलावल्या आहेत.

ते शेवटचं वाक्य मला मान्य आहे. पण त्यावर बेतलेली योजना सगळ्यात गरीब पोराच्याच मुळावर येणारी आहे.

माझं काम ऊसतोड टोळ्यांमध्ये असतं. बीडकडची बाई कारखान्याच्या फडात उतरते तेव्हा तिच्या लेकराचं नाव गावाकडच्या यादीत असतं, टीएचआरचं, म्हणजे घरी न्यायच्या आहाराचं, पाकीट तिकडे येतं, आणि ती इथे पहाटे तीनला कोयता घेऊन निघालेली असते. तान्हं पोर बांधावर झोळीत. राखायला सहा-सात वर्षांची बहीण, जिने खरं तर शाळेत असायला हवं. उन्हाची तिरीप आली की ती झोळी सोडते, पोराला पाचटाच्या ढिगाआड नेते, सावली सरकली की पुन्हा उचलते. गाडी भरेपर्यंत आई पाजायला येत नाही, कारण खाडा पडला तर उचलीतून, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांतून, कापलं जातं. याहून गरीब पोर कुठलं शोधणार? तरी आहार मिळत नाही, आणि त्याचं कारण पांढऱ्या कार्डवाल्यांनी तो खाल्ला हे नाही. नाव एका तालुक्यात आणि पोट दुसऱ्या तालुक्यात, हे कारण आहे.

आता यावर तहसीलचा दाखला चढवा. तो आणणार कोण? ज्याच्या घरात तलाठ्याकडे खेटे घालायला एक मोकळा माणूस आहे तो. पारधी वस्तीवरची बाई नाही, वीटभट्टीवरची नाही. सधनांना अडवायला लावलेल्या चाळणीतून आधी गळतात ते हेच लोक.

सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली अन्न अधिकाराच्या खटल्यात आहार सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला द्या असं सांगितलं. २००६ साली १४ लाख अंगणवाड्यांचा आदेश देताना दलित आणि आदिवासी वस्त्यांना आधी द्या असंही सांगितलं, आणि ज्या वस्तीत ४० मुलं आहेत तिने मागणी केली की तीन महिन्यांत अंगणवाडी द्यायची. दार सगळ्यांना उघडं, आणि बांधकामाची सुरुवात सगळ्यात मागच्या वस्तीपासून. समानता मला एवढीच कळते.

सरळमार्गी

ताई, झोळीचं चित्र काढलंत की पुढचं कुणी बोलूच नये, असं होतं. मी आकडे बोलतो. एका मुलामागे दिवसाला ८ रुपये, हा २०१७ साली ठरलेला दर. अतिकुपोषितासाठी १२. आठ रुपयांत आज काय येतं ते बाजारात जाणारा कुणीही सांगेल.

आणि शहरात काय चाललंय? आमच्या भागात पोरं खासगी नर्सरीत जातात, नावं अंगणवाडीच्या पटावर. माझ्या सख्ख्या भाच्याचं नाव होतं. पाकीट घरी यायचं आणि मोलकरणीला दिलं जायचं. अशी नावं काढली तर त्या ८ चे १२ होणार नाहीत का? गरिबाच्या ताटात जास्त पडावं एवढंच म्हणतोय, त्यात मी कुणाच्या मुळावर आलो?

तिखटमीठ

तुमच्याकडे निदान मोलकरणीला तरी जातं. आमच्या गावात पाकीट थेट म्हशीच्या आंबोणात. डोळ्यांनी बघतोय. पोर तोंडात घेत नाही, घेतलं तर थुंकतं. सरसकट की निवडक हा वाद नंतर घाला, आधी हे सांगा की वाटताय ते माणसाने खायचं आहे का. सरळ आईच्या खात्यात पैसे टाका.

बाराखडी

म्हशीचं नाव घेणारे पाकीट कुठून आलं ते कधी विचारत नाहीत. मी नोकरीत असताना बचत गटाच्या बायका शिजवायच्या. उसळ, लापशी, खिचडी. पोरं वाटी चाटून पुसून खायची. ठेकेदार वापरू नका, महिला मंडळं आणि बचत गटांना काम द्या, असं न्यायालयाने २००४ सालीच सांगितलं होतं. आपल्या राज्याने निविदाच अशा काढल्या की लहान गटाला उभंच राहता येऊ नये. त्या निविदा २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केल्या. महिला संस्थांची पाटी लावून मोठे पुरवठादार आत शिरतात, हा जुना खेळ आहे.

तिखटमीठ

काका, बचत गटांची आरती नका ओवाळू. आमच्याकडे गट कुणाच्या घरात होता ते गावाला माहीत आहे. डाळ एवढी पातळ की तळ दिसायचा. तक्रार केली म्हणून माझ्या बहिणीच्या पोरीला महिनाभर शेवटच्या रांगेत बसवलं. ठेकेदार दूरचा चोर, हा शेजारचा चोर. शेजारच्याशी भांडणं जास्त अवघड.

बाराखडी

शेजारच्याला निदान ग्रामसभेत उभं करता येतं! दूरच्याचा पत्ता तरी आहे का तुमच्याकडे? एका गावात एक गट खराब निघाला म्हणून राज्यभरच्या बायकांच्या हातून पळी काढून घ्यायची? आणि खात्यात पैसे म्हणता, ते खातं कुणाच्या ताब्यात असतं हे मी तुम्हाला सांगायला हवं का?

तिखटमीठ

म्हणजे गरीब बाईला पैसा सांभाळता येत नाही असं म्हणायचंय तुम्हाला. बोला स्पष्ट.

बाराखडी

शब्द माझ्या तोंडात घालू नका. नवऱ्याच्या फोनवर ओटीपी येतो, एवढंच म्हटलं.

ताई_बोलतेय

ओटीपीचा विषय निघालाच आहे तर मी बोलते. मी सेविका आहे. जुलै २०२५ पासून पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर चेहरा जुळल्याशिवाय टीएचआर द्यायचं नाही. बाई दारात उभी. आधी उजेडाकडे तोंड करायचं, मग पापण्या मिटायच्या-उघडायच्या. नेट गेलं की पुन्हा पहिल्यापासून. बाळंतीण झाली की चेहरा सुजतो, आधारवरचा फोटो लग्नाआधीचा. जुळत नाही. केवायसी करायला ओटीपी हवा, तो नंबर नवऱ्याचा, नवरा मुंबईला कामावर. ती उन्हात फोन लावते, तो उचलत नाही. कडेवरचं पोर माझ्यामागच्या पाकिटांकडे हात करतं आणि मी 'उद्या ये' म्हणते. वरच्यांना दिसतं ते एवढंच की माझं वाटप कमी.

आता सरळमार्गीदादांचा दाखला. तो तपासणार कोण? मीच ना? मी त्याच गावात राहते. शेजारणीला दारात सांगायचं, 'तुझं पोर बसत नाही, हिचं बसतं.' माझ्या पोरांना त्याच गल्लीतून शाळेत जायचंय. लाडक्या बहिणीचे अर्ज आम्हीच भरले, मग पडताळणीही आमच्याच गळ्यात आली. ज्यांची नावं कापली जातील त्या शिव्या कुणाला घालणार, तुम्हीच सांगा. केंद्राकडून मानधन ४,५०० रुपये, तेही २०१८ पासून तेवढंच. राज्याचे धरून बरे होतात, तेसुद्धा संपाशिवाय वाढत नाहीत. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ आम्ही बावन्न दिवस रस्त्यावर होतो. त्या दिवसांत गरीब पोरांचं काय, असं विचारणारे खूप भेटले. एरवी त्यातला एकही अंगणवाडीत डोकावलेला नव्हता.

सरळमार्गी

ताई, तुमच्या मानधनाच्या विरोधात मी एक अक्षर लिहिलेलं नाही. इथे प्रत्येक जण आपापलं गाऱ्हाणं घेऊन येतोय आणि मूळ प्रश्न बाजूला पडतोय.

आडवाट

मूळ प्रश्न समानतेचा ना? मग हे घ्या. माझ्या बायकोला दोन्ही बाळंतपणांत २६-२६ आठवडे पगारी रजा मिळाली. २०१७ च्या दुरुस्तीने मिळालेला हक्क आहे, आम्ही तो घेतला आणि बरं केलं. कुणी दाखला मागितला नाही, दुसऱ्या वेळी मुलगा की मुलगी हेही विचारलं नाही. त्याच वर्षी मातृवंदना योजना आली. मजूर बाईला पहिल्या अपत्यापुरते ५,००० रुपये, तेही हप्त्यांनी. २०२२ पासून दुसऱ्या वेळेचे ६,००० मिळतात, पण मुलगी झाली तरच. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा, त्याच्या चौथ्या कलमात 'प्रत्येक' गर्भवतीला किमान ६,००० असं लिहिलंय. वगळायचं होतं ते सरकारी नोकरीत हा लाभ आधीच मिळणाऱ्यांना. इथे वगळलं गेलं मजूर बाईचं दुसरं मूल, मुलगा असेल तर.

सरळमार्गी

जननी सुरक्षेचे, म्हणजे दवाखान्यात बाळंत होण्याबद्दल मिळणारे पैसे, धरून सरासरी ६,००० होतात, हे सोयीस्कर विसरलात. आणि दुसऱ्या-तिसऱ्या पोराला सरकारने पैसे द्यायचे तर कुटुंब लहान ठेवणाऱ्याने काय घोडं मारलंय?

आडवाट

सरासरी कागदावर. घरी बाळंत झालेल्या बाईच्या हातात काय पडलं ते विचारा. आणि तिसरं कुठून आलं मध्येच? मी दुसऱ्याबद्दल बोललो. आमच्या दुसऱ्या मुलाच्या रजेवर तुम्ही कधी हे बोलला नसतात. गरिबाच्या पाळण्यातली पोरं मोजायला लोकांना भारी उत्साह. जन्मलेल्या पोराला आईबापाच्या निर्णयाची शिक्षा उपासमारीने द्यायची असेल तर तसं उघड लिहा.

सरळमार्गी

उपासमारीची शिक्षा मी म्हटलेली नाही. भाषा सांभाळा.

रानवाटा

भांडण आवरतं घ्या, ८ रुपयांच्या मुद्द्याला उत्तर द्यायचं राहिलंय माझं.

दर लाजिरवाणा आहे. पण नावं कापली की दर वाढतो हे कुठे घडलंय? लाभार्थी कमी झाले की तरतूद कमी होते, ताट तेवढंच राहतं. फक्त गरिबांच्या ताटात पडणारी गोष्ट कशी असते ते तिखटमीठ यांच्या म्हशीने सांगितलंच आहे. सरपंचाचा नातू त्याच वाटीतून खात असेल तर डाळीचा तळ दिसेल का हो?

दुसरं, कुपोषण फक्त पिवळ्या कार्डात राहत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सर्वांत सधन पंचमांशातलीही साधारण २३ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. सर्वांत गरीब पंचमांशात ४६ टक्के. म्हणजे गरिबाचं दुखणं दुप्पट आहे, त्यामुळे तिथे जास्त द्या म्हणता ते बरोबरच. पण दंडाला पट्टी लावून साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली भरलेलं पोर सॅम, म्हणजे अतितीव्र कुपोषित, ठरतं, तेव्हा त्या पट्टीला बापाचं उत्पन्न कळत नाही. जास्त द्यायचं ते त्या पट्टीवर, वजनकाट्यावर आणि वस्ती बघून द्या. आदिवासी भागात अमृत आहार योजनेत गरोदर बाईला एक वेळचं चौरस जेवण आणि पोराला अंडं नाहीतर केळं देतात. तिथे घराघरात उत्पन्न विचारत नाहीत. भाग ठरवला, त्या भागातल्या सगळ्यांना दिलं.

आणि जे पोर दारापर्यंत येऊच शकत नाही त्याच्याकडे आपण जायचं. ही काही परदेशातून आणलेली कल्पना नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला वारली पोरांसाठी हेच केलं. पोरं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्या पाड्यांवर जाऊन अंगणात बसल्या, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात शाळा नेली. 'गरीब असल्याचं सिद्ध करा' असं त्यांनी कुणाला विचारल्याचं ऐकिवात नाही.

राहता राहिली शहरातली दुहेरी नावं. काढा ना, जरूर काढा. तुमच्या भाच्याचं नाव कापायला माझ्या फडातल्या पोराकडून दाखला कशाला हवा?

सरळमार्गी

ठीक. दाखल्याचा आग्रह सोडतो, कारण तो सेविकेच्या गळ्यात पडेल हे ताईंचं म्हणणं पटलं. तुमच्या बाकीच्या भाषणामुळे नव्हे. दंडाच्या पट्टीवर जादा आहार, चालेल. पण पटावरची खोटी नावं हा चोरीचाच प्रकार आहे आणि त्यावर इथे कुणालाच राग येत नाही, याचं मला नवल वाटतं. तरतूद कमी होते म्हणून खोटी नावं राहू द्यायची, हे मी कधीच मान्य करणार नाही.

तिखटमीठ

म्हशीवर कुणी उत्तर दिलं नाही. शिजवलेलं तीन वर्षांनंतर, त्याआधी पाकीट. नेमकं ज्या वयात पोर खंगतं त्या वयात पाकीट. माझा मुद्दा तिथेच आहे.

बाराखडी

हा मात्र तुमचा मुद्दा खरा आहे. सहा महिने ते तीन वर्षं, तेवढाच काळ पोर अंगणवाडीत बसत नाही, म्हणून पाकीट. त्यावर उपाय पाळणाघर. आईच्या कामाच्या जागेजवळ, दिवसभर, शिजवलेल्या अन्नासकट. पण त्याला बाई नेमावी लागते आणि पगार द्यावा लागतो, म्हणून कुणी करत नाही.

ताई_बोलतेय

रानवाटाताई, एक विचारायचंय. ऑक्टोबरात आमच्या वस्तीतल्या टोळ्या निघतील. स्थलांतराचं ॲप २०२२ मध्ये आलं, मी दर वर्षी नोंद करते. पण पलीकडच्या सेविकेला ते पोर दिसतं का?

रानवाटा

दिसलं तरी फड तिच्या हद्दीत आहे की शेजारच्या, यावर गाडं अडतं. कारखाना आणि मुकादमाचं गाव कळलं की मला कळवा. टोळी उतरली की पोरांची यादी घेऊन मी तिथल्या सुपरवायझरकडे जाते. जाताना तुमच्याकडची वजनाची नोंद कागदावर लिहून आईच्या हातात द्या. फोटो नको, फोन बदलतात.