निपाणीत बारमध्ये ऑर्केस्ट्रा: परवाना कुणाकडे? मदत हवी आहे

निपाणीत (कर्नाटक, बेळगाव जिल्हा) चालू बार-रेस्टॉरंटमध्ये ऑर्केस्ट्रा सुरू करायचाय. फक्त गाणी, नाच नाही. अबकारी परवाना आणि नगरपालिकेचं ट्रेड लायसन्स आहे. गायिका कोल्हापूर-सांगलीच्या, सगळ्या 21च्या वर, पगार थेट त्यांच्या खात्यात. स्टेजला तीन फुटी कठडा. टीप बिलात घालायची, नोटा उधळल्या की गाणं बंद. हे महाराष्ट्राच्या 2016च्या डान्स बार कायद्यावरून आणि त्यावरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2019च्या निकालावरून बसवलंय, पण तो कायदा इकडे लागू नाही. भारतीय न्याय संहितेचं अश्लीलतेचं कलम 296 मात्र दोन्हीकडे तेच.

बेळगाव शहराला पोलीस आयुक्त आहेत, निपाणी त्याबाहेर. मग कर्नाटक पोलीस कायदा 1963 खालचा अर्ज डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला द्यायचा की एसपींकडे (पोलीस अधीक्षक)? कन्नड फॉर्म भरून देणारं कुणी आहे का? आणि गायिकांच्या आधारच्या झेरॉक्स पोलीस ठाण्यात द्याव्याच लागतात, की घरचा पत्ता झाकून चालतं?