पालक गेले ऊसतोडीला, पालक सभेला फक्त आज्या येतात. काय करावं?

चौथीचा_मास्तर
नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यात एका वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेवर आहे, चौथीचा वर्ग. पटावर २६ पोरं, त्यातल्या १७ जणांचे आईबाप दिवाळीआधीच कोयत्यावर गेले, कुणी सांगलीकडं कुणी कोल्हापूरकडं कुणी थेट बेळगावकडं. पोरं मागं आजी-आजोबांकडं. परवा पालक सभा घेतली तर ९ आज्या आणि एक आजोबा. आणि आजोबा पण झोपले होते मधे, खोटं कशाला बोलू.

पोरं हुशार आहेत पण वाचनात मागं पडायलीत. दिवाळीआधी जे पोरगं धडा घडाघडा वाचत होतं ते आता जोडाक्षर आलं की थांबतंय. घरी बघायला कुणी नाही. मी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला, त्यावर रोज गृहपाठ टाकतो, कोण गैरहजर आहे त्याची यादी पण टाकतो, पण एकाचा पण रिप्लाय येत नाही, निळ्या टिका पण उशिरा येतात. पालकांना काही पडलेलीच नाही असं वाटायला लागलंय. तुमच्याकडं कुणी काही वेगळं केलं असेल तर सांगा.

सोसायटीवाली_आई
सर, आमच्या शाळेत दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी पेरेंट मीटिंग असते आणि दोन्ही पालकांपैकी एकाने यायचंच असा नियम आहे, नाही आलं तर प्रगतिपुस्तक देत नाहीत. थोडं कडक व्हावं लागतं.

कोयत्याचं_पोरगं
ताई राग मानू नका पण तुमचा नियम इथं लावला तर प्रगतिपुस्तकं मार्चपर्यंत कपाटातच राहतील. फडात एक दिवस खाडा झाला तर त्याचे पैसे उचलीतून, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ रकमेतून, कापतात. कोल्हापूरहून बीडला यायचं म्हणजे जायला एक दिवस यायला एक दिवस, म्हणजे दोघं आले तर मिळून चार खाडे, आणि मुकादम, म्हणजे टोळी नेणारा ठेकेदार, परत येऊ देईल का तो वेगळा विषय.

सर, मी स्वतः असाच शिकलोय म्हणून थोडं मोठं लिहितो. माझे आईवडील २० वर्षं तोडीला जायचे, मी आजीजवळ. आता मी तालुक्याला नोकरी करतो. तुम्ही म्हणता त्यांना पडलेली नाही, तर तसं नाही ओ. पहाटे चारला उठून फडात, दिवसभर तोडायचं बांधायचं, गाडी भरायची, ट्रक रात्री कधी येईल त्याचा भरवसा नाही, कधी कधी रात्री दोनला मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढायचं. कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, लाईट नाही, मोबाईल गावातल्या टपरीवर चार्जिंगला लावायचा. म्हणून तुमच्या निळ्या टिका उशिरा. आणि माझ्या बापाला वाचताच येत नव्हतं, तुमचा टाईप केलेला गृहपाठ तो काय करणार होता?

आणि अजून एक, ती गैरहजरांची यादी बंद करा सर. प्लीज. त्या ग्रुपवर टोळीतले सगळे असतात, मुकादम पण असतो बऱ्याचदा. सगळ्यांसमोर पोराचं नाव आलं की बाप फोनच उचलत नाही नंतर. माझ्या बापानं उचलला नसता.

चौथीचा_मास्तर
यादीचं खरंच डोक्यात आलं नव्हतं. मुकादम ग्रुपवर आहे, होय. आजच काढतो. टाईप केलेलं वाचता येत नसेल हे पण… १० वर्षं झाली मला नोकरीला आणि मी हे विचारलंच नाही कुणाला.

हेडबाई_पाटोदा
सर आमच्याकडे पण हेच चित्र. आम्ही दोन-तीन गोष्टी केल्या त्या सांगते.

सभा दसऱ्याच्या आधी घ्या, टोळ्या हलायच्या आत. तेव्हा आईबाप दोघंही गावात असतात, उचल घेतलेली असते, सामान बांधायचं चाललेलं असतं पण अर्धा तास येतात. तेव्हाच विचारून ठेवायचं की पोर मागं राहणार का सोबत नेणार, मागं कोण बघणार, फोन कुणाचा चालू असतो. सोबत नेणार असतील तर शिक्षण हमी कार्ड, म्हणजे पोर कितवीत आहे ते लिहिलेलं कार्ड, हातात द्या आणि तिकडच्या शाळेत दाखवायला सांगा. आणि दाखल्यावाचून पोर अडलं असं होऊ देऊ नका, शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे की दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. हे पालकांना कुणी सांगतच नाही.

दुसरं म्हणजे हंगामी वसतिगृह. मागं राहिलेल्या पोरांना सकाळ-संध्याकाळचं जेवण गावातच मिळतं, दुपारी शाळेची खिचडी असतेच. त्याचा प्रस्ताव वेळेत द्यावा लागतो आणि पैसे कधी वेळेत येत नाहीत, तो भाग सोडून देऊ. पण संध्याकाळच्या जेवणाआधी तिथं पोरं एकत्र असतात, तो तास वाचनाला सोन्यासारखा आहे.

आणि आज्यांना कमी लेखू नका. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं ७५ टक्के पालक, निम्म्या बायका पाहिजेत, पण आमच्याकडं हंगामात त्या सगळ्या सह्या करून निघून जातात, बैठकीला कोरम कसा व्हायचा? आम्ही आज्यांना बोलवायला लागलो. सदस्य म्हणून नाही, नुसतं बसायला. एक आजी म्हणाली मला अक्षर येत नाही मी काय बघू. मी म्हणलं तुम्ही बघू नका, ऐका. रोज रात्री पोरानं एक पान मोठ्यानं वाचायचं आणि आजीनं शेवटी गोष्ट काय होती ते त्याला विचारायचं. अडखळलं की आजीला बरोबर कळतं ओ, लिपी यायला लागत नाही त्याला.

नाव_नको
सगळं ठीक पण मास्तरांना शिकवायला वेळ कुठं आहे, ऑनलाईन माहिती भरा, निवडणुकीचं काम करा, सर्वे करा. त्यात आता पालकांचे फोन पण.

हेडबाई_पाटोदा
खरंय तुमचं. पण यादी टाईप करायला जेवढा वेळ जातो तेवढ्यात तीन आवाजी मेसेज होतात.

कोयत्याचं_पोरगं
आवाजी मेसेजचं बाईंनी बरोबर काढलं. पण सर, तुमचा आवाज नको, पोराचा पाठवा. पोराला एक परिच्छेद वाचायला लावा आणि तो त्याच्या आईच्या नंबरवर वेगळा पाठवा, ग्रुपवर नाही. तक्रारीचा फोन आला की आई रात्रभर झोपत नाही आणि करू पण काही शकत नाही तिथून. माझ्या आईला मास्तरांचा फोन म्हणजे पोरगं पडलं किंवा भांडलं एवढंच माहिती.

चौथीचा_मास्तर
काल सहा पोरांचं वाचन पाठवलं. एका आईचा रात्री साडेअकराला मेसेज आला, मागं ट्रॅक्टरचा आवाज, म्हणाली "सर, ते 'श्रावण' म्हणताना अडकलं का ओ?" अडकलं होतं. तिनं परत परत ऐकलं असणार.

बाकीच्या पाच जणांकडून काही नाही अजून. कोयत्याचं पोरगं भाऊ, पाठवायची वेळ कुठली धरू, संध्याकाळ का पहाट?

कोयत्याचं_पोरगं
बाजाराच्या दिवशी सर. खर्ची, म्हणजे आठवड्याच्या खर्चाचे पैसे, मिळते, त्याच दिवशी रिचार्ज मारतात.